ब्राझीलची मुंगी

पोर्तुगीज भाषेत मुंगीला 'फोर्मिगा' म्हणतात. पोर्तुगीज अमदानीत दोन-तीन इयत्ता शिकलेल्या गोव्यातील कोणाही वृद्धास विचारले, तर तो हा शब्द चटकन् सांगेल. ब्राझीलची राजभाषाही पोर्तुगीजच. परंतु त्या देशात 'फोर्मिगा' हा शब्द उच्चारला की क्रीडारसिकांच्या डोळ्यांपुढे मुंगीच्या आधी एक स्त्री उभी राहते. अंगात पिवळा सदरा, पाठीवर आठचा आकडा आणि मैदानाच्या मध्यभागी अविरत धावणारी दोन पावले! तिचे खरे नाव मिराइल्देस मासिएल मोता. फुटबॉलच्या सात विश्वचषक स्पर्धांत खेळलेली ती पहिली खेळाडू होय. तिच्याआधी हा मान पुरुषांतही कोणास मिळालेला नव्हता.

या लेखास निमित्त झाले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिकवीत होते. वार्षिक क्रीडामहोत्सव जवळ आला आणि कार्यक्रमाचा कागद फलकावर लागला. मुलांसाठी फुटबॉल व कबड्डी; मुलींसाठी लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि रांगोळी. सातवीतील एक मुलगी तो कागद वाचून माझ्याकडे आली व म्हणाली, "बाई, रांगोळी हा खेळ आहे का? आम्हांला फुटबॉल का नाही?" मी घाईत होते. "मुली फुटबॉल खेळत नाहीत," एवढेच बोलून मी तो विषय संपविला. मुलगी मान खाली घालून निघून गेली. माझे ते उत्तर खरे नव्हते, हे मला पुढे वाचनात आलेल्या माहितीवरून उमगले. आणि तेच उत्तर एका संपूर्ण राष्ट्राने आपल्या मुलींना जवळजवळ चाळीस वर्षे कायद्याने दिले होते, हे वाचून तर मी ओशाळले. फोर्मिगेची हकीकत त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून मी येथे सांगत आहे.

प्रथम तो कायदा पाहू. १९४० च्या सुमारास रिओ द जानेरोच्या उपनगरांतून स्त्रियांचे फुटबॉल संघ निघाले होते व त्यांचे सामने पाहावयास लोक गर्दीही करीत. हे पाहून एका नागरिकाने राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांस पत्र लिहिले की, या खेळाने भावी मातांच्या प्रकृतीस अपाय होईल, तरी हे थांबवावे. वर्तमानपत्रांतून वाद माजला. अखेर १४ एप्रिल १९४१ रोजी व्हार्गास सरकारने क्रीडाविषयक जो हुकूमनामा काढला, त्याच्या चोपन्नाव्या कलमात असे घातले की, स्त्रियांच्या प्रकृतिधर्माशी विसंगत असे खेळ स्त्रियांना खेळता येणार नाहीत. कोणते खेळ विसंगत, हे त्या कलमात स्पष्ट नव्हते. ती उणीव १९६५ साली लष्करी राजवटीत भरून निघाली! राष्ट्रीय क्रीडा मंडळाने निषिद्ध खेळांची यादीच प्रसिद्ध केली आणि तीत मैदानावरील, बंदिस्त जागेतील व समुद्रकिनाऱ्यावरील, अशा तिन्ही प्रकारच्या फुटबॉलची नावे घातली.

या बंदीच्या काळातच ब्राझीलच्या पुरुष संघाने १९५८, १९६२ आणि १९७० असा तीन वेळा विश्वचषक जिंकला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. पेले हे नाव पृथ्वीच्या कानाकोपऱ्यांत गेले. फुटबॉल म्हणजे ब्राझील आणि ब्राझील म्हणजे फुटबॉल असे समीकरण जगाने मांडले. परंतु त्याच देशातील मुलीला चेंडूस पाय लावणे हा नियमभंग होता. दिवाळीचे दिवे घरभर लावावेत आणि घरातल्या निम्म्या माणसांना डोळे मिटून बसावयास सांगावे, तसलाच हा प्रकार.

फोर्मिगेचा जन्म ३ मार्च १९७८ रोजी बाईया प्रांतातील साल्वादोर या नगरीत झाला. बंदी अद्याप उठलेली नव्हती. ती १९७९ साली उठली, आणि स्त्रियांच्या फुटबॉलला रीतसर नियमांची चौकट मिळण्यास १९८३ साल उजाडले. साल्वादोर ही ब्राझीलची सर्वांत पहिली राजधानी. पोर्तुगालहून गोव्याकडे जाणारी-येणारी गलबते वाटेत या बंदराला लागत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज येथे फार मोठ्या संख्येने राहतात, आणि फोर्मिगाही त्याच समाजातील एक कन्या.

तिचे वडील ती अगदी तान्ही असतानाच वारले. आईने कष्ट करून मुलांना वाढविले. भावांच्या संगतीने ही मुलगी वाड्यातल्या मोकळ्या जागेत चेंडू खेळू लागली. परंतु बहिणीने पोरांच्या घोळक्यात धावावे हे भावांना मुळीच रुचत नसे आणि त्यापायी तिने मारही खाल्ला. कायदा रद्द झाला तरी माणसांच्या मनांतील कलमे लगेच रद्द होत नाहीत. आईने मात्र तिचा खेळ तोडला नाही. थोड्याच दिवसांत तिला 'फोर्मिगा' हे टोपणनाव पडले. ती खेळताना स्वतःसाठी म्हणून काही करीतच नसे. वारुळातील मुंगी जशी सर्वांसाठी कण वाहते, तशी ती सर्वांसाठी चेंडू वाहात असे.

येथे थोडे थांबून मधल्या फळीचे काम समजून घेणे अवश्य आहे, कारण ते समजल्याखेरीज या खेळाडूचे मोठेपण कळावयाचे नाही. फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. एक गोलरक्षक, त्याच्यापुढे बचावाची फळी, सर्वांत पुढे आघाडीचे खेळाडू आणि या दोहोंच्या मध्ये मधली फळी. आघाडीचा खेळाडू गोल करतो; त्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. गोलरक्षक चेंडू अडवितो. त्याच्या नावाने टाळ्या पडतात. मधल्या फळीतील खेळाडू प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घेतो, मोकळा सहकारी हेरतो आणि चेंडू त्याच्या स्वाधीन करून पुन्हा आपल्या जागी येतो. असे एका सामन्यात शेकडो वेळा घडते. पण याची नोंद धावफलकावर होत नाही. बचावाकडे झुकलेल्या अशा मध्यरक्षकाला ब्राझीलमध्ये 'व्होलांते' म्हणतात. कार्लोस व्होलांते नावाचा एक अर्जेंटिनी खेळाडू रिओच्या फ्लामेंगो संघात ही जागा सांभाळीत असे, त्याच्यावरून हे नाव रूढ झाले असे सांगतात. गंमत अशी की, पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा दुसरा अर्थ 'मोटारीचे चाक', म्हणजे चालक हातात धरतो ते. गाडी चाकाने वळते, तसा संघ या खेळाडूने वळतो. फोर्मिगेने आयुष्यभर हीच जागा सांभाळली.

वयाच्या सतराव्या वर्षी, १९९५ साली, ती स्वीडनमधील विश्वचषक स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघात आली. स्त्रियांचा विश्वचषक सुरू झाला तो १९९१ साली; म्हणजे ही केवळ दुसरी स्पर्धा होती. ब्राझीलने पहिल्याच सामन्यात यजमान स्वीडनला हरविले, पण पुढचे दोन्ही सामने गमावून संघ परत आला. त्या काळच्या ब्राझीलच्या मुलींना स्वतःच्या मापाचे कपडेही मिळत नसत. पुरुष संघाचे उरलेले सैल सदरे अंगावर चढवून त्या मैदानात उतरत. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, अॅटलांटा येथे स्त्रियांच्या फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला. ब्राझीलचा क्रमांक चौथा आला. १९९९ च्या विश्वचषकात हा संघ तिसरा आला. त्या वेळी संघाची सूत्रे सिसी या बाईयातल्याच थोर खेळाडूच्या पायांत होती आणि तिच्या मागे उभी राहून, चेंडू मिळवून देण्याचे काम फोर्मिगा करीत होती.

पुढे सिसी गेली व मार्ता आणि क्रिस्तियाने या दोन तेजस्वी मुली आघाडीवर आल्या. मार्तेला जगातील सर्वोत्कृष्ट स्त्री खेळाडूचा मान सहा वेळा मिळाला. तिच्या पायाशी चेंडू आला म्हणजे प्रेक्षक श्वास रोखून पाहात. परंतु तो चेंडू तिथवर आणणारी बहुधा फोर्मिगाच असे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्राझील अंतिम सामन्यात पोचले. अमेरिकेविरुद्ध बरोबरी झाली, ब्राझीलचे फटके गोलखांबावर आदळून परतले आणि जादा वेळात अमेरिकेने दुसरा गोल करून सुवर्णपदक नेले. २००७ साली चीनमधील विश्वचषकात उपांत्य सामन्यात ब्राझीलने त्याच अमेरिकेचा चार विरुद्ध शून्य असा धुव्वा उडविला. त्यातील पहिला गोल फोर्मिगेने कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवरच झाला. चेंडू प्रतिपक्षाच्या खेळाडूला लागून आत गेला. नोंदवहीत तिथेही तिचे नाव नाही! अंतिम सामन्यात जर्मनीने दोन गोलांनी विजय मिळविला. पारितोषिक समारंभाच्या वेळी ब्राझीलच्या मुलींनी, आम्हांला आधार द्या, अशा आशयाचा एक फलक आपल्या देशबांधवांसाठी उंच धरला. जगात दुसरा क्रमांक मिळविलेल्या संघाने पदक स्वीकारताना आधाराची याचना करावी, यावरून त्यांच्या स्थितीची कल्पना यावी.

२००८ च्या बेजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात जर्मनीने आघाडी घेतली असता मध्यंतरापूर्वी बरोबरीचा गोल केला तो फोर्मिगेने. तेथून संघ उसळला आणि चार विरुद्ध एक असा जिंकला. अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशी आणि पुन्हा जादा वेळात, एका गोलाने, पराभव! दोन ऑलिंपिक रौप्यपदके आणि विश्वचषकातील एक उपविजेतेपद: फोर्मिगेच्या जागतिक यशाचे शिखर एवढेच. विश्वचषक तिच्या हाती कधी आला नाही. ऑलिंपिक सुवर्णही आले नाही.

मग तिचे कर्तृत्व ते कोणते? ते पदकांच्या पेटीत शोधू नये. तिच्या तारुण्यात ब्राझीलमध्ये स्त्रियांचे क्लब आज निघत आणि उद्या मोडत. सध्याच्या स्वरूपातील राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली ती २०१३ साली, फोर्मिगा पस्तीस वर्षांची असताना. खेळावयाचे तर पोटासाठी देशोदेशी हिंडणे भाग होते. ती स्वीडनमध्ये माल्मो येथे खेळली, अमेरिकेतील संघांत खेळली आणि मायदेशी साओ जोझे संघातून खेळून २०१३ व २०१४ साली दक्षिण अमेरिकेचे क्लब विजेतेपद तिने अनुभवले. २०१५ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध तिने गोल केला तेव्हा तिचे वय सदतीस होते. इतक्या वयाच्या स्त्रीने विश्वचषकात गोल केल्याचे तोवर घडले नव्हते.

२०१६ साली रिओ येथे तिच्या स्वतःच्या देशात ऑलिंपिक भरले. माराकाना मैदानावरील उपांत्य सामना स्वीडनने पेनल्टी किकवर जिंकला, आणि ब्राझील चौथे आले. त्या वर्षाअखेर फोर्मिगेने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. लोकांनी तिला सन्मानाने घरी पाठविले. परंतु घर काही तिला लाभले नाही. २०१७ च्या आरंभी ती पॅरिसच्या सुप्रसिद्ध 'पॅरिस सेंट-जर्मेन' क्लबात दाखल झाली, आणि इकडे राष्ट्रीय संघाला तिच्या जागी तिच्यासारखे कोणी मिळेना. प्रशिक्षकांनी तिला परत येण्याची विनंती केली. ती परतली, आणि २०१८ साली दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात खेळली.

२०१९ साली फ्रान्समध्ये विश्वचषक भरला. ९ जून रोजी जमैकाविरुद्ध ती मैदानावर आली तेव्हा तिने एकेचाळीस वर्षे पूर्ण केलेली होती. स्त्रियांच्या तोवर आठ विश्वचषक स्पर्धा झाल्या होत्या. त्यांतील पहिली तेवढी सोडून उरलेल्या सातही ती खेळली. १९९५ साली जन्मल्याही नव्हत्या अशा मुली आता तिच्या शेजारी उभ्या होत्या. बाद फेरीत फ्रान्सने जादा वेळात ब्राझीलला हरविले. सामना संपताच मार्तेने डबडबलेल्या डोळ्यांनी आपल्या देशातील मुलींना उद्देशून चार शब्द सांगितले. त्यांचा आशय असा की, फोर्मिगा, मार्ता व क्रिस्तियाने काही सदासर्वकाळ असणार नाहीत. स्त्रियांचा फुटबॉल आता तुमच्यावर अवलंबून आहे. मार्तेने त्या क्षणी जी तीन नावे घेतली त्यांत पहिले नाव फोर्मिगेचे होते.

तरी तिचे धावणे थांबले नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या क्लबाने, सलग चौदा वर्षे विजेता असलेल्या लिओंची सद्दी मोडून, फ्रान्सचे अजिंक्यपद प्रथमच पटकाविले. त्या हंगामात त्रेचाळीस वर्षांची फोर्मिगा त्या संघात होती. त्याच वर्षी टोकियोत, लांबणीवर पडलेल्या २०२० च्या ऑलिंपिकमध्ये, ती सातव्यांदा उतरली. १९९६ पासून तोवर स्त्रियांच्या फुटबॉलची जितकी ऑलिंपिक झाली, तितक्या सर्वांत खेळलेली ती एकटीच.

आता तिच्या अखेरच्या सामन्याविषयी. तो ऐकून आपणा भारतीयांस विशेष वाटेल. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी अॅमेझॉनच्या अरण्यप्रदेशातील मानाउस नगरीत ब्राझीलच्या स्त्रीसंघाचा सामना झाला तो भारताच्या स्त्रीसंघाशी! ब्राझीलने पहिल्याच मिनिटात गोल केला. पण थोड्याच वेळात पंजाबच्या मनीषा कल्याण हिने वाऱ्यासारखी धाव घेऊन बरोबरी साधली. पुढे ब्राझीलने सहा विरुद्ध एक असा सामना जिंकला, हे खरे. तथापि ब्राझीलच्या भूमीवर भारतीय मुलीने केलेला तो गोल विसरण्याजोगा नव्हे. उत्तरार्धात फोर्मिगेला मैदानावर आणण्यात आले. प्रेक्षक उभे राहिले. काही मिनिटांचाच तो खेळ. पण राष्ट्रीय संघातील सव्वीस वर्षांची वाटचाल त्या मिनिटांत संपली. राष्ट्राच्या वतीने ती दोनशेहून अधिक सामने खेळली होती. तिच्या देशाचा पुरुष संघ धरला, तरी इतके सामने खेळलेला दुसरा कोणी नाही.

ती आली तेव्हा काय होते आणि गेली तेव्हा काय होते, याचा ताळेबंद मांडून पाहावा. ती आली तेव्हा पुरुषांचे जुने सदरे होते. ती गेली तेव्हा ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघातील स्त्री-पुरुषांना समान दैनिक मानधन देण्याचे जाहीर केलेले होते. ते वर्ष २०२०. ती आली तेव्हा मुलींना खेळावयास क्लब नव्हते. २०१९ पासून पहिल्या श्रेणीच्या क्लबांना स्त्रीसंघ बाळगणे बंधनकारक झाले. हे सर्व एकट्या फोर्मिगेने केले असे मी म्हणणार नाही. सिसी, मार्ता आणि कितीतरी अनामिक मुली यांचा तो वाटा आहे. परंतु सिसीच्या पिढीने जे मिळविले ते मार्तेच्या पिढीपर्यंत, आणि मार्तेच्या पिढीचे आजच्या मुलींपर्यंत, न सांडता पोचविणारे कोणी तरी मध्ये उभे असावे लागते. मैदानावर मधली फळी मागचा चेंडू पुढे नेते. फोर्मिगेने तेच काम पिढ्यांच्या बाबतीत केले.

फिफा या जागतिक संघटनेने २०२४ च्या मे महिन्यात, २०२७ च्या स्त्रियांच्या विश्वचषकाचे यजमानपद ब्राझीलला दिले. ज्या आठ नगरांची सामन्यांसाठी निवड झाली, त्यांत साल्वादोरही आहे. ज्या गावात एका मुलीला चेंडू खेळल्याबद्दल घरी मार बसला, त्याच गावाने जगातील मुलींना खेळावयास बोलाविले.

आपल्याकडेही वारे बदलत आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा त्याचे काही सामने, दोन्ही उपांत्य सामन्यांसह, आपल्या गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर खेळले गेले. ते सामने पाहताना मला त्या सातवीतल्या मुलीची फार आठवण झाली. ती आता मोठी झाली असेल. ती कोठे आहे, काय करते, मला ठाऊक नाही. एखाद्या दिवशी भेटली तर तिला मी सांगेन, "बाळ, त्या दिवशी तुझ्या बाईंचे चुकले. मुली फुटबॉल खेळतात. कायद्याने अडविले तरी खेळतात, भावांनी मारले तरी खेळतात, आणि एकेचाळिसाव्या वर्षीही विश्वचषकात खेळतात."

तिला सांगावयाचे राहून गेले ते, विद्यार्थिनींनो, तुम्हांला सांगितले आहे. उद्या कोणी तुम्हांला तेच उत्तर देईल, कदाचित एखाद्या शिक्षिकाच देतील, तर रुसून मान खाली घालू नका. त्यांना ब्राझीलच्या त्या मुंगीची गोष्ट सांगा, आणि मग चेंडू मागा.